मानसिक ताणासाठी ॲक्युपंक्चर: गुण कशाचा, आणि जावे कोणाकडे?

सायली_ठाणे

मी एका बँकेच्या शाखेत कर्ज विभागाचे काम पाहते. मार्चअखेरीचा ताण आम्हां बँकेतल्या लोकांना नवा नाही. एरवी एप्रिलच्या मध्यापर्यंत तो आपोआप उतरतो. यंदा मात्र जून लागला तरी तो उतरलेला नाही. रात्री झोप लागते, पण तीनच्या सुमारास जाग येते आणि मग उजाडेपर्यंत थकीत खात्यांच्या याद्या डोक्यात फिरत राहतात. मान आणि खांदे कायम आखडलेले असतात, आणि मी झोपेत दात आवळते असे दंतवैद्यांनी दाढांची झीज पाहून सांगितले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब, थायरॉइड, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घेतले. त्यात काही निघाले नाही. त्यांनी थोड्या दिवसांसाठी झोपेची गोळी सुचवली आहे. ती घ्यायची वेळ आलीच तर घेईन, पण त्याआधी दुसरा काही मार्ग आहे का, हे पाहावेसे वाटते.

आमच्या इमारतीतल्या एक काकू गुडघेदुखीसाठी ॲक्युपंक्चर घेतात आणि ‘सुया टोचल्या की मला तिथेच गाढ झोप लागते’ असे सांगतात. दुखण्यावरचा हा उपाय ताणावरही खरोखर चालतो, की अर्धा तास फोन बाजूला ठेवून पडून राहिल्याचाच तो गुण आहे? सुया टोचणाऱ्याची पात्रता आपल्याकडे कशी पडताळायची? आणखी एक अडचण अशी, की माझ्या सासूबाईंनाही झोप लागत नाही आणि मी गेले तर त्याही बरोबर येणार म्हणतात; पण त्यांची हृदयाची झडप बदललेली आहे आणि रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू असते. त्यांना हे चालेल का? जाणकारांनी आणि स्वतः उपचार घेतलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

भूलतज्ज्ञ_नाशिक

सायलीताई, गुण सुईचा की पडून राहण्याचा, हा प्रश्न संशोधकांनाही गेली कित्येक दशके पडलेला आहे, आणि त्याचे उत्तर दुखण्यानुसार बदलते.

मी ॲक्युपंक्चर करत नाही. मी भूल देतो. तरी आमच्या कामाचा या विषयाशी दोन ठिकाणी थेट संबंध येतो. पहिला शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीचा. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून स्वतःची तीन बोटे वर, दोन कंडरांच्या मधोमध जो बिंदू आहे, त्याला चिनी परंपरेत ‘नेइग्वान’ म्हणतात. तो उत्तेजित केल्यास मळमळ आणि उलटी कमी होते, याचा पुरावा या क्षेत्रातल्या सर्वांत भक्कम पुराव्यांपैकी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९७ मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञमंडळानेही शस्त्रक्रियेनंतरच्या आणि केमोथेरपीच्या मळमळीसाठी तो मान्य केला होता. दुसरा संबंध तुमच्या प्रश्नाच्या अधिक जवळचा, म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीच्या धास्तीचा आहे. येल विद्यापीठातील भूलतज्ज्ञ शू-मिंग वांग आणि झीव केन यांनी २००१ च्या सुमारास कानाच्या पाळीवरील ठरावीक बिंदूंवर सुया लावून पाहिल्या. ज्यांना ‘विश्रांती’च्या बिंदूंवर सुया लावल्या, त्यांची चिंता ज्यांना असंबद्ध बिंदूंवर लावल्या त्यांच्यापेक्षा कमी झालेली आढळली. दोन्ही गट सारखाच वेळ सुया लावून होते, त्यामुळे हा फरक निव्वळ स्वस्थ बसण्याचा म्हणता येत नाही. चाचणी मात्र लहान होती आणि ती तात्पुरत्या, काही तासांच्या भीतीविषयी होती. महिनोन्‌महिने चालणाऱ्या कामाच्या ताणाला तिचा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे बरोबर होणार नाही.

खरी गुंतागुंत येथून पुढे आहे. औषधाची परीक्षा घेताना एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी देता येते. सुईची निष्क्रिय प्रत कशी करायची? १९९८ मध्ये जर्मनीतील कॉनराड श्ट्राइटबर्गर यांनी अशी बोथट सुई तयार केली, जी टोचल्यासारखी वाटते, पण कातडीत न शिरता स्वतःच्याच मुठीत मागे सरकते. इतर चाचण्यांत चुकीच्या जागी, अगदी वरवर सुया टोचून तुलना केली गेली. कंबरदुखीवरच्या जर्मनीतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात ११६२ रुग्ण होते. परंपरेनुसार सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के, खोट्या पद्धतीने टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि औषधे व व्यायाम असे नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम पडला. हे तीन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. पहिल्या दोघांकडेच पाहणारा ‘हे सगळे थोतांड आहे’ म्हणतो आणि पहिल्या व तिसऱ्याकडे पाहणारा ‘औषधांपेक्षा सुई श्रेष्ठ’ म्हणतो. अँड्र्यू व्हिकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जुनाट वेदनांवरच्या २९ चाचण्यांतील १७,९२२ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा खऱ्या आणि खोट्या सुईत फरक निघाला, पण तो लहान होता. सुई घेतलेले आणि न घेतलेले यांच्यातला फरक मात्र बराच मोठा होता.

ताणाच्या जैवरसायनाविषयी सांगायचे तर जॉर्जटाऊन विद्यापीठात लदन एश्केवारी यांनी उंदरांना थंडीचा सततचा ताण दिला आणि काहींच्या गुडघ्याखालच्या ‘झुसान्ली’ बिंदूवर विजेच्या सौम्य प्रवाहासह सुई लावली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात सुई लावलेल्या उंदरांची ताणाची संप्रेरके इतरांप्रमाणे वाढली नाहीत. मेंदूतील हायपोथॅलॅमस व पीयूषिका आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी यांची ताणाची संप्रेरके सोडणारी साखळी सुईने थोपवता येते, असा त्याचा अर्थ लावला जातो. प्रयोग चांगला आहे, पण उंदराला वसुलीचे उद्दिष्ट नसते.

तेव्हा माझे मत असे, की ताणासाठी ॲक्युपंक्चर घेऊन पाहण्यात गैर काही नाही. काही जणांना त्याने शरीर सैल पडणे, झोप सुधारणे, मान मोकळी होणे हे अनुभवायला मिळते. मात्र मुदत आधी ठरवा. साताठ वेळा जाऊनही झोपेत काही फरक नसेल तर पुढच्या बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका. आणि कशातच रस न वाटणे, विनाकारण रडू येणे, जगणे नकोसे वाटणे यांपैकी काही असेल तर ते ताणाच्या पलीकडचे आहे. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावे, किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीतून बोलता येते. सासूबाईंचा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्यावर प्रत्यक्ष सुई धरणाऱ्यांनी लिहिल्यास बरे होईल, नंतर मी भर घालीन.

कोथरूडचा_वाचक

मी संगणक क्षेत्रात आहे आणि परदेशी ग्राहकांच्या वेळा सांभाळताना झोपेचा पार बोजवारा उडाला, तेव्हा मी काही महिने ही चिकित्सा घेतली होती. सुया इंजेक्शनसारख्या नसतात; केसाहून थोड्या जाड आणि लवचिक असतात, आणि बहुतेक ठिकाणी टोचल्याचे कळतही नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या जागी मात्र एक जड, बोथट कळ हातभर पसरते; ती अपेक्षितच असते असे मला नंतर कळले. सुया लावल्यावर वीस ते तीस मिनिटे दिवा मंद करून पडून राहायचे असते, आणि खोकला आला तर जरा पंचाईत होते.

ज्या दिवशी जात असे त्या रात्री झोप हमखास चांगली लागे. दुसऱ्या रात्रीही बरी लागे. चिकित्सा थांबवल्यावर हळूहळू सगळे पूर्वपदावर आले. पुढे मी रात्रपाळीचा प्रकल्प सोडला आणि झोप आपसूक सुधारली. म्हणून उपचार निरुपयोगी होता असे मी म्हणणार नाही. त्या काळात मी नीट विचार करण्याइतका शांत झालो, आणि प्रकल्प सोडण्याचा निर्णय त्यामुळेच घेता आला, असे मला वाटते. हे सिद्ध करता येणार नाही, याचीही मला कल्पना आहे.

ॲक्युचिकित्सक_कोल्हापूर

मी नोंदणीकृत ॲक्युपंक्चर चिकित्सक आहे. भूलतज्ज्ञ महोदयांनी मांडलेले आकडे योग्य आहेत, पण खोट्या सुईविषयी एक आक्षेप नोंदवतो. चुकीच्या जागी वरवर टोचलेली सुईसुद्धा कातडीतल्या मज्जातंतूंना जाणवतेच; ती साखरेच्या गोळीसारखी निष्क्रिय नसते. त्यामुळे त्या चाचण्यांत ‘सुई विरुद्ध काहीच नाही’ अशी तुलना नसून ‘एक प्रकारची सुई विरुद्ध दुसऱ्या प्रकारची सुई’ अशी तुलना होते. यातून आमचे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वाहिन्या परंपरेत वर्णिल्या आहेत तशाच खऱ्या ठरतात, असे मात्र मी म्हणत नाही. आमच्या व्यवसायातले पुष्कळजण असा दावा करतात आणि त्यामुळेच डॉक्टर मंडळी आमच्यापासून दूर राहतात.

ताणाच्या रुग्णाला मी साधारणतः भुवयांच्या मधला ‘यिनतांग’, टाळूवरचा ‘बाइहुइ’, मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूचा ‘शेनमेन’, वर उल्लेखलेला ‘नेइग्वान’ आणि पायाच्या अंगठ्यामागचा ‘ताइचोंग’ यांतून निवड करतो. मान आखडलेली असेल तर खांद्याच्या स्नायूंतही सुया लावतो. खांद्याचा भाग अनुभवी हाताकडूनच करून घ्यावा. तेथे सुई सरळ आणि खोल घातली तर ती फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते आणि छातीत हवा साचण्याचा धोका असतो. तसे क्वचितच घडते, परंतु या चिकित्सेतील गंभीर अपघातांपैकी तो एक नेहमी उल्लेखला जाणारा अपघात आहे. पहिल्या वेळी घेरी येणे मात्र बरेचदा घडते, म्हणून उपाशीपोटी येऊ नये आणि सुया बसून नव्हे, तर आडवे पडून घ्याव्यात.

पात्रतेविषयी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ च्या फेब्रुवारीत ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. त्याआधीच पश्चिम बंगालने १९९६ मध्ये आणि नंतर महाराष्ट्राने ‘२०१५ चा अधिनियम’ म्हणून ओळखला जाणारा स्वतंत्र कायदा केला आहे. आपल्या राज्यात या कायद्याखाली परिषद आहे आणि चिकित्सकांची नोंदणी तिच्याकडे होते. तेव्हा चिकित्सकाला नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. जो विचारल्यावर रागावतो, त्याच्याकडून सुई घेऊ नये. भिंतीवर लावलेली पंधरवड्याच्या शिबिराची प्रमाणपत्रे म्हणजे नोंदणी नव्हे. सुईचे पाकीट तुमच्यासमोर फोडले गेले पाहिजे आणि वापरलेली सुई तुमच्यासमोरच पांढऱ्या, न भेदता येणाऱ्या डब्यात पडली पाहिजे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत अशा धारदार वस्तूंसाठी तो डबा सांगितलेला आहे. ‘तुमच्या सुया तुमच्याच नावाने उकळून ठेवतो’ असे म्हणणारे अजूनही भेटतात. तेथून उठून यावे. कावीळ ‘ब’ अशाच निष्काळजीपणातून पसरल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत.

जाता जाता एक गोष्ट. आमच्या क्षेत्रातील भाषणांत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी ही विद्या भारतात आणली असे सर्रास सांगितले जाते. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते, पण ते शल्यचिकित्सक म्हणून गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. त्याच पथकातील डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी कोलकात्यात ते सुरू केले. कोटणीसांचे मोठेपण कमी होत नाही, पण श्रेय बसूंचे आहे.

पुराव्याशिवाय_नाही

वरची चर्चा वाचून माझा प्रश्न उलट अधिक ठळक झाला. बोथट सुईने आणि चुकीच्या जागी टोचलेल्या सुईनेही जवळजवळ तेवढाच आराम पडत असेल, तर लोकांनी त्यासाठी वेळ, पैसा आणि फुप्फुसाला सुई लागण्याची शक्यता, हे सगळे का पत्करावे? रात्री तीनला जाग येणे आणि मग काळजी करत पडून राहणे यासाठी विचार आणि सवयी बदलण्यावर आधारलेली मानसोपचारपद्धती उपलब्ध आहे; अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी औषधांच्याही आधी तीच सुचवली. तिच्यात झोप येत नसेल तर अंथरुणातून उठणे, उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे, अंथरुणात घालवायचा वेळ आधी कमी करून मग वाढवणे अशा गोष्टी असतात. त्या कंटाळवाण्या आहेत, म्हणून लोकप्रिय नाहीत. सायलीताईंनी आधी हे करावे, असा माझा आग्रह आहे. शिवाय थकीत कर्जांची चिंता शाखेतल्या मनुष्यबळाच्या तुटवड्यातून आलेली असेल, तर तिचा बिंदू कानाच्या पाळीवर सापडणार नाही.

भूलतज्ज्ञ_नाशिक

आपण सांगितलेल्या मानसोपचारपद्धतीशी मी सहमत आहे. मला कोणी एकच उपाय निवडायला सांगितला तर मीही तोच निवडीन. अडचण एवढीच, की ती नीट शिकवणारे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाहीत, आणि आखडलेली मान व आवळलेला जबडा यांना निव्वळ वेळापत्रकाने लगेच उतार पडत नाही. दोन्ही एकत्र करण्यास आडकाठी नाही. धोक्याविषयी म्हणाल, तर २००१ मध्ये ब्रिटनमध्ये चौतीस हजारांहून अधिक उपचारबैठकांची नोंद ठेवून झालेल्या पाहणीत एकही गंभीर दुष्परिणाम आढळला नाही. रक्ताचा थेंब येणे, काळेनिळे पडणे, घेरी येणे एवढेच तुरळक प्रमाणात आढळले. ते चिकित्सक प्रशिक्षित होते, ही अट मात्र त्या आकड्याबरोबर वाचावी.

सायली_ठाणे

सर्वांचे आभार. ‘पुराव्याशिवाय_नाही’ यांनी सांगितलेले उठण्याच्या वेळेचे पथ्य मी सुरू करते. मनुष्यबळाविषयीचा त्यांचा अंदाजही खरा आहे. आमच्या शाखेत दोन जागा रिकाम्या आहेत आणि त्यांचे काम माझ्याकडे आले आहे. तरी मानेसाठी एकदा चिकित्सकांना दाखवावे असे वाटते. सासूबाईंविषयी कोणी सांगू शकेल का? आणि सुया घेण्याआधी तेच बिंदू घरी दाबून पाहिले तर चालेल का?

ॲक्युचिकित्सक_कोल्हापूर

बिंदू दाबून पाहण्यास हरकत नाही. मनगटावरचा ‘नेइग्वान’ आणि भुवयांमधला ‘यिनतांग’ हे दोन सोपे आहेत. अंगठ्याने किंवा बोटाने मध्यम दाब देऊन दोन-तीन मिनिटे संथ श्वास घेत राहावे, रात्री जाग आल्यावरही करता येते. अंगठा आणि तर्जनीमधला ‘हेगू’ डोकेदुखीत व जबडा आवळलेला असताना उपयोगी मानतात, परंतु गर्भवती स्त्रियांनी परंपरेनुसार तो टाळायचा असतो. सुईइतका परिणाम दाबाने मिळेल असे आश्वासन मी देत नाही.

सासूबाईंना मात्र मी स्वतः सुया लावणार नाही, आणि त्यांना पाहताच ‘चालेल’ म्हणणाऱ्याकडे नेऊ नये, असे स्पष्ट सांगतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना वरवरच्या सुईने सहसा बिघडत नाही, पण स्नायूत खोल रक्तस्राव होऊ शकतो. कृत्रिम झडप असलेल्यांच्या बाबतीत त्याहून मोठी भीती जंतुसंसर्गाची असते; सुईच्या जागेवरून रक्तात गेलेले जंतू झडपेवर बसू शकतात. विशेषतः कानात चिकटपट्टीखाली दिवसेंदिवस ठेवायच्या बारीक सुया त्यांना कोणत्याही परिस्थितीत लावू नयेत.

भूलतज्ज्ञ_नाशिक

याला माझा पूर्ण दुजोरा. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काही करू नये, आणि कोणाच्याही सांगण्यावरून ती गोळी ‘सुया घेण्यापुरती’ एक दिवसही बंद करू नये. कृत्रिम झडपेवर गुठळी झाली तर ती जिवावर बेतते. शिवाय त्या वयात झोप न लागण्यामागे संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी, दुपारची लांब झोप किंवा रात्री आडवे झाल्यावर लागणारी धाप अशी कारणे असू शकतात. शेवटचे असेल तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच दाखवावे. तुम्ही चिकित्सकांकडे जाल तेव्हा त्यांना बरोबर नेलेत तरी चालेल. फक्त बाहेरच्या बाकावर बसवा.